कारागिराच्या दारी विद्यार्थी

(छत्रपती संभाजीनगर येथील औरंगपुरा भागात शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांनी कलादालने, वस्तुसंग्रहालये आणि कारागिरांच्या कार्यशाळा पाहाव्यात, हा आजच्या भाषणाचा विषय मला देण्यात आला आहे. या विषयाच्या विरुद्ध बोलणारा आपणांस कोणी भेटणार नाही. परंतु ज्या गोष्टीला कोणाचाच विरोध नसतो, ती पुष्कळदा घडतच नाही, अथवा घडली तरी नावापुरती घडते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून या उपक्रमाची महती सांगण्यात मी आपला वेळ घेणार नाही. अशा भेटीतून विद्यार्थ्याला नेमके काय मिळते, ते कोणत्या रीतीने मिळते आणि ते मिळत असताना कारागिराच्या पदरात काय पडते, एवढेच तीन प्रश्न मी आपणापुढे ठेवणार आहे. यांपैकी तिसरा प्रश्न मला फार उशिरा सुचला. तो कसा सुचला, हे सांगताना माझी एक चूकही मला आपणापुढे मांडावी लागेल.

तांबड्या शाईतील प्रश्न

ज्या औरंगपुऱ्यात आपण आज जमलो आहोत, तेथेच माझे महाविद्यालयीन शिक्षणाचे दिवस गेले. ही १९९८ सालची गोष्ट आहे. वैजापूर तालुक्यातील एका खेड्यातून कला शाखेत शिकण्यासाठी मी तेव्हाच्या औरंगाबाद शहरात आलो आणि औरंगपुऱ्यातील एका जुन्या वाड्यात खोली घेऊन राहू लागलो. इतिहास शिकविणाऱ्या सरांनी पहिल्याच सत्रात ‘आपल्या शहरातील एक हस्तव्यवसाय’ या विषयावर निबंध लिहून आणावयास सांगितले. मी ग्रंथालयात बसलो, जिल्हा गॅझेटियर काढले, आणखी दोन पुस्तके चाळली आणि हिमरू या वस्त्रावर आठ पाने लिहून दिली. १३२७ साली दिल्लीहून देवगिरीस राजधानी हलविणारा महंमद तुघलक त्यात होता. त्याच्या काळात विणकर दक्षिणेत आल्याची परंपरेने चालत आलेली हकीकत होती. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांचा उल्लेख होता. अक्षरही बरे होते.

आठवड्याने निबंध परत मिळाला. त्यावर गुण दिलेले नव्हते. शेवटच्या पानावर तांबड्या शाईत एकच प्रश्न लिहिला होता : ‘विणताना विणकराचे पाय कुठे असतात?’

मला उत्तर देता येईना. पुन्हा ग्रंथालयात जाऊन पाहिले, परंतु मी चाळलेल्या पुस्तकांत विणकराचे पाय नव्हते. अखेर एका शनिवारी दुपारी गुलमंडी ओलांडून मी नवाबपुऱ्याच्या बाजूस चालत निघालो. अर्ध्या तासाच्या आत पोहोचलो. ज्या विषयावर मी आठ पाने लिहिली होती, तो विषय माझ्या खोलीपासून एवढ्या अंतरावर रोज सकाळी सुरू होत होता आणि संध्याकाळी बंद होत होता.

विणकर जमिनीच्या पातळीवर बसले होते आणि त्यांचे पाय खाली, खड्ड्यात होते. खड्ड्यातील पावड्या ते पाळीपाळीने दाबीत. त्यासरशी ताण्याच्या धाग्यांचे दोन थर होऊन मध्ये वाट मोकळी होई, त्या वाटेने हातातील धोटा पलीकडे जाई आणि फणीचा ठोका पडून एक ओळ पक्की होई. सरांच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे होते. परंतु ते मिळविण्यासाठी गेलेला मी त्या उंबऱ्यावर दोन तास बसून राहिलो.

मागाच्या वर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ टांगलेली होती. ती कशासाठी, असे मी विचारले. विणकर चाचांनी काम न थांबविता सांगितले की, नक्षी तिच्यात आहे. जेथे छिद्र असेल तेथे धागा वर उचलला जातो, जेथे नसेल तेथे तो खालीच राहतो. पूर्वी हे पुठ्ठे नव्हते. तेव्हा नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवीत आणि मागावर उंच बसलेला मदतनीस, बहुधा घरातीलच एखादा मुलगा, ठरलेल्या क्रमाने दोऱ्यांचे जुडगे ओढीत असे. मग त्यांनी विणलेल्या कापडाची कड उलटून दाखविली. वरच्या बाजूस जेथे कोयरी आणि फुले होती, तेथे खालच्या बाजूस सुटे, मोकळे धागे लोंबत होते. हिमरूची नक्षी ज्या जादा धाग्याने उमटते, तो धागा काम नसेल तेव्हा कापडाच्या मागून प्रवास करतो. पुढे पैठणला गेलो, तेव्हा तेथे पैठणीचा पदर उलटून पाहिला. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच होत्या. पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा लहान लहान तिल्यांवर वेगळा गुंडाळलेला असतो. तो आपल्या नक्षीच्या हद्दीपर्यंतच जातो आणि शेजारच्या धाग्यात अडकवून मागे फिरविला जातो. हिमरू आणि पैठणी यांतील फरक मी आधी पुस्तकात वाचला होता, पण तो मला समजला तो कापड उलटून पाहिल्यावर.

जाण्यापूर्वी चाचांनी मला खड्ड्यात उतरून बसू दिले. मी चुकीची पावडी जोराने दाबली आणि ताण्याचे काही धागे तुटले. ते काही बोलले नाहीत. मला बाजूस करून त्यांनी एकेक धागा शोधला, ओवला आणि जोडला. त्यात त्यांचा अर्धा तास तरी गेला असेल. मी तो अर्धा तास मोठ्या कुतूहलाने पाहिला आणि आनंदाने घरी आलो. दुसऱ्या वेळी निबंध दोनच पानांचा झाला. त्यास गुण मिळाले. त्या अर्ध्या तासाचा मात्र पुढे वीस वर्षे मला विसर पडला होता. त्याच्याकडे मी नंतर वळतो.

अजिंठ्याची शाळा

विद्यार्थ्याने कलाकृतीजवळ जाऊन बसणे ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. तिचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे.

अजिंठ्याच्या लेण्यांकडे १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याची दृष्टी गेली आणि त्यानंतर बाहेरच्या जगाला त्यांची माहिती झाली. १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात आपले आयुष्य घातले. त्याच्या बऱ्याचशा प्रतिकृती १८६६ साली लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपले विद्यार्थी अजिंठ्यास आणण्यास प्रारंभ केला. १८८५ पर्यंत हंगामामागून हंगाम हे काम चालले. गुहेतील अपुऱ्या उजेडात, भिंतीसमोर बसून, हे तरुण एकेक आकृती कापडावर उतरवीत. त्यांतील पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. या प्रतिकृतींचे दुर्दैव असे की, लंडनला पाठविलेल्या त्यांतील पुष्कळशा १८८५ च्या आगीत जळाल्या.

प्रतिकृती जळाल्या, तरी त्या करताना विद्यार्थ्यांच्या नजरेला आणि हाताला जे वळण लागले, ते जळाले नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. शैक्षणिक भेटीचा हिशेब आपण बहुधा अहवाल, छायाचित्रे आणि प्रदर्शनात मांडलेले तक्ते यांवरून करतो. ती झाली प्रतिकृती. खरे फळ विद्यार्थ्याच्या ठिकाणी असते आणि ते कधी कधी पुष्कळ वर्षांनी दिसते.

याचे दुसरे उदाहरण १९०९ ते १९११ या काळातील आहे. लेडी हेरिंगहॅम या चित्रकर्तीने अजिंठ्याच्या नव्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले. तिच्या मदतीस कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे तरुण शिष्य आले. त्यांत नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मोहंमद फजलुद्दीन हे तरुणही या कामात सहभागी होते. नंदलाल बोस यांनी पुढे शांतिनिकेतनात चित्रकारांच्या पिढ्या घडविल्या. भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पाने त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजविली, हे आपण जाणतोच. त्या सजावटीमागे अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसून काढलेले दिवसही आहेत. त्या दिवसांचे फळ कोणी पुढच्याच महिन्याच्या अहवालात मागितले असते, तर त्याला काय दाखविता आले असते?

एकच धडा, अनेक विषय

शिक्षक मित्रांची एक अडचण मी जाणून आहे. अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा असतो आणि अशी भेट म्हणजे चित्रकलेच्या शिक्षकांचे काम, असे समजले जाते. शासकीय रेखाकला परीक्षांस बसणाऱ्या मुलांना तिचा उपयोग आहे, इतरांना ती सहल आहे, असाही एक समज आहे. तो खरा नाही, हे आपल्या परिसरातील तीन उदाहरणांवरून दिसेल.

पहिले उदाहरण बिदरी कामाचे. आपल्या शहरात ही कला टिकून आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून केलेल्या मिश्रधातूचे भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरतात आणि कोरलेल्या खाचांत चांदीची तार अथवा पत्रा ठोकून बसवितात. नंतर बीदरच्या किल्ल्यातील माती नवसागरासह वापरून त्यावर प्रक्रिया करतात. त्यामुळे जस्ताचा मिश्रधातू काळाभोर होतो आणि चांदी पांढरी राहते. एकाच भांड्यावर, एकाच मातीने, एक धातू काळा पडतो आणि दुसरा पडत नाही, असे का व्हावे? विज्ञानाच्या तासाला याहून चांगला प्रश्न कोणता असू शकेल?

दुसरे उदाहरण कागजीपुऱ्याचे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना हे गाव लागते. गावाच्या नावातच त्याचा धंदा आहे. येथील हातकागदाची परंपरा तुघलकाच्या काळापासून सांगितली जाते. चिंध्या व कापसाचे तुकडे भिजवून, कुटून त्यांचा लगदा करावयाचा, तो हौदातील पाण्यात मिसळावयाचा, चौकटीवर ताणलेली जाळी त्यात बुडवून अलगद वर उचलावयाची आणि जाळीवर राहिलेला पातळ थर दाबून, वाळवून, घोटून त्याचा कागद करावयाचा. जो विद्यार्थी रोज वहीची पाने फाडून टाकतो, त्याने एक पान उचलले जाताना एकदा पाहावे. भूगोल, इतिहास आणि काटकसर या तिन्हींचा पाठ तेथे एका वेळी होतो.

तिसरे उदाहरण हिमरूच्या मागावरील पुठ्ठ्यांचे. छिद्र आहे अथवा नाही, धागा वर अथवा खाली, या दोनच खुणांतून सबंध बाग विणली जाते. संगणकालाही माहिती अशाच दोन खुणांत द्यावी लागते आणि मागावरील पुठ्ठ्यांवरूनच प्रारंभीच्या गणनयंत्रांच्या कल्पकांना छिद्रांच्या पत्त्यांची कल्पना सुचली, हा यंत्रविद्येच्या इतिहासाचा भाग आहे. चौकटीच्या कागदावर एक कोयरी काढून तिच्यासाठी कोणत्या ओळीत किती धागे उचलावे लागतील, हे आठवीतील मुलगी मोजू शकते. मग गणिताच्या शिक्षकांनी या भेटीस का जाऊ नये?

१९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. तो आपण पुरतेपणी आचरणात आणू शकलो नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचविलेली आहे. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ जाऊन काम पाहावे व करावे, अशी अपेक्षा आहे. म्हणजे वेळेची सोय धोरणातच सांगितलेली आहे. ते दिवस कसे वापरावयाचे, हे आपल्यावर अवलंबून आहे.

वस्तुसंग्रहालयात एक वस्तू

वस्तुसंग्रहालयांच्या बाबतीतही असेच आहे. आपल्या शहरात सोनेरी महालातील राज्य शासनाचे संग्रहालय आहे, विद्यापीठाचे इतिहास संग्रहालय आहे, महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. धाराशिव जिल्ह्यात तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे आणि तेरहून कापड भडोच बंदराकडे जात असल्याचे त्यात नमूद आहे. हे आपल्या मुलांनी तेरच्या दालनात उभे राहून ऐकले, तर त्याचा अर्थ निराळा लागेल.

परंतु आपण मुलांना रांगेने एका दारातून आत नेतो आणि दुसऱ्या दारातून बाहेर काढतो. तीनशे वस्तू पाहिलेल्या मुलाला संध्याकाळी एकही आठवत नाही. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मुलाने सर्व दालन एकदा फिरून एक वस्तू निवडावी, तिच्यासमोर वीस मिनिटे बसावे, तिचे रेखाटन करावे आणि तिच्याविषयी एक प्रश्न लिहून आणावा. रेखाटन चांगले आले नाही तरी चालेल. हात चालू लागला म्हणजे डोळ्याला थांबावे लागते, हाच त्यातील लाभ आहे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातील भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तू मानाने मांडलेल्या आहेत. दिनकर केळकरांनी त्या गावोगाव फिरून जमविल्या. ज्या गावातून शहरातील संग्रहालय दूर आहे, तेथील शाळेच्या एका खोलीत पाभर, मोटेचे सुटे भाग, जाते, मापे, चौघडीचा पाट अशा वस्तू, त्या देणाऱ्या घराच्या नावासह का ठेवू नयेत? आजोबांनी वापरलेल्या पाभरीसमोर बसून तिचे चित्र काढणाऱ्या मुलास आपण कलादालनात नेले, असेच मी म्हणेन.

मी लिहिलेली बातमी

आता माझ्या चुकीविषयी. २०१९ सालच्या जानेवारीत एका शाळेचे विद्यार्थी एका हातमाग कार्यशाळेस भेट देणार होते. प्रसिद्धीच्या कामासाठी मी छायाचित्रकारासह तेथे गेलो. दोन बसगाड्या भरून मुले आली. खोलीत दहा माणसे दाटीने उभी राहतील एवढीच जागा होती. मुलांना तुकड्या करून आत सोडण्यात आले. प्रत्येक तुकडीस जेमतेम पाच मिनिटे मिळाली. मागची मुले पुढच्यांना ढकलीत होती, काहींनी ताण्याच्या धाग्यांवरून बोटे फिरविली, एकाने धोटा उचलून पाहिला. विणकर हसतमुखाने तीच माहिती पुन्हा पुन्हा सांगत होते. छायाचित्र उत्तम आले. कार्यालयात परतल्यावर मी बातमी लिहिली आणि मथळा दिला, ‘विद्यार्थ्यांनी जाणून घेतली हातमागाची कला’. ती अनेक वृत्तपत्रांत छापून आली.

काही आठवड्यांनी त्या भागात जाण्याचा योग आला, म्हणून कात्रणे विणकरांना द्यावीत या हेतूने मी तेथे गेलो. त्यांनी ती नीट पाहिली, घडी करून ठेवली आणि मला चहा दिला. काम कसे चालले आहे, असे विचारता ते सहज बोलून गेले की, मुले आली त्या दिवशी बोटभरही कापड झाले नाही आणि पुढचा सबंध दिवस गुंतलेले व तुटलेले धागे लावण्यात गेला. त्यांना मजुरी विणलेल्या कापडावर मिळत असे, दिवसावर नव्हे. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मुलांनी पुन्हा येऊ नये, असेही ते म्हणाले नाहीत. ‘येऊ द्या, पण थोडी थोडी येऊ द्या,’ एवढेच ते म्हणाले.

त्या वेळी मला नवाबपुऱ्यातील तो अर्धा तास आठवला. माझ्या शिक्षणाचा खर्च त्या दिवशी एका विणकराने आपल्या मजुरीतून केला होता आणि मला ते कळलेही नव्हते. वीस वर्षांनंतर मी त्याच खर्चाची बातमी केली होती. बातमीतील एकही वाक्य खोटे नव्हते. कार्यशाळेला भेट झाली होती, मुले होती, कलाही होती. फक्त विणकराचे दोन दिवस त्यात नव्हते. माझ्या पहिल्या निबंधातही सर्व काही होते, विणकराचे पाय तेवढे नव्हते. सरांनी तांबड्या शाईत विचारलेला प्रश्न मला खऱ्या अर्थाने त्या दिवशी समजला.

मी त्या शाळेच्या शिक्षकांना भेटून हे सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले. पुढील वर्षी बारा-बारा मुलांचा गट करून, एकेका शनिवारी एक गट, अशी योजना त्यांनी केली आणि त्या दिवसाची मजुरी विणकरांना आधीच दिली. दोन गट जाऊन आले आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. तरीही त्या दोन गटांतील एका मुलीने चौकटीच्या कागदावर काढलेली कोयरी मी पाहिली आहे. शेवटच्या ओळीत तिने तीन ठिकाणी खोडले होते. कारण विचारता ती म्हणाली, ‘सर, इथे धागा मागून फार लांब जात होता, तो अडकला असता.’ कापडाची उलटी बाजू तिच्या लक्षात राहिली होती.

काय करता येईल

या अनुभवावरून काही सूचना आपणापुढे ठेवतो.

शिक्षकांस माझी विनंती आहे की, भेटीपूर्वी आपण एकट्याने जाऊन यावे. कारागिरास कोणता दिवस सोयीचा आहे, किती मुले सामावतील, कशास हात लावावयाचा नाही, हे विचारून घ्यावे. गट बारा-पंधरा मुलांहून मोठा नसावा. प्रत्येक मुलाने एक प्रश्न घेऊन जावे आणि शक्य असल्यास त्याच कारागिराकडे महिन्याभराने पुन्हा जावे. पहिल्या भेटीत मूल नवलाईने पाहते, त्याला समजावयास लागते ते दुसऱ्या भेटीत. ७ ऑगस्ट हा २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मागावर गर्दी करण्यापेक्षा त्या महिन्यातील चार शनिवार वाटून घेणे अधिक बरे.

अधिकारी मित्रांस सांगावयाचे ते असे की, भेटीच्या खर्चाच्या अंदाजात बसभाडे आणि अल्पोपाहार यांच्याबरोबर कारागिराचे मानधन हा रकाना असावा. तज्ज्ञ व्याख्यात्यास आपण मानधन देतो. मागावर बसून शिकविणारा माणूसही त्या दिवशी व्याख्याताच असतो.

पंचायत सदस्यांचे काम यात सर्वांत महत्त्वाचे आहे. गावातील कुंभार, सुतार, लोहार, बुरूड, घोंगडी विणणारे, वाद्ये दुरुस्त करणारे यांची माहिती शिक्षकास नसते. त्याची बदली होत राहते. ती आपणांस असते. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतही कारागिराच्या अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. त्याच माहितीच्या आधारे प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या कारागिरांची एक नोंदवही करावी. त्यात नाव, काम, कामाचे हंगाम, शिकविण्याची तयारी आणि सोयीचा दिवस एवढे असले तरी पुरे. ती नोंदवही शाळेत ठेवावी. ज्या मुलाचे वडील मडकी घडवितात, त्याच्या वर्गाने एक दिवस त्याच्या घरी शिकावयास जावे. त्या दिवसानंतर ते मूल वर्गात कसे बसते, तेही शिक्षकांनी पाहावे.

आणि माझ्यासारख्यांनी, म्हणजे बातमी लिहिणाऱ्यांनी, मथळा देण्यापूर्वी कारागिरास एकदा विचारावे की, आजच्या दिवसात आपले किती काम झाले.

समारोप

नवाबपुऱ्यातील ते चाचा आता हयात नाहीत. त्यांचा मागही त्या खोलीत राहिलेला नाही. खड्डा बुजवून वर फरशी घातलेली मी पाहिली आहे. शहरात हिमरू विणणारे हात आता थोडेच उरले आहेत. शाळांच्या भेटींमुळे एखादा हस्तव्यवसाय जगेल, असा दावा मी करणार नाही. त्यासाठी बाजार लागतो, कच्चा माल लागतो, रास्त मजुरी लागते आणि हे विषय मोठे आहेत. परंतु ज्या पिढीने माग चालताना पाहिलाच नाही, ती त्याच्या कापडास योग्य किंमत कशावरून देईल? उद्याचा गिऱ्हाईक, उद्याचा अधिकारी आणि उद्याचा पंचायत सदस्य आज आपल्या शाळेत सहावीत बसलेला आहे.

आपण येथून निघाल्यावर ज्यांना थोडा वेळ असेल, त्यांनी परत जाताना आपल्या वाटेवरील एखाद्या कारागिराच्या दारी पाच मिनिटे थांबावे. मुलांना नेण्यापूर्वी आपण स्वतः तेथे जाऊन आलेले बरे.